आरोग्य उपकेंद्रासाठी सोलर मिळतंय, पत्रात नेमकं काय मागू?

उदगीरची_मेळघाटात (१२ मार्च)

नमस्कार मंडळी. इथे बहुतेक जण घरावरच्या सोलरचं आणि सबसिडीचं विचारतात. माझा प्रश्न जरा वेगळा आहे आणि घाईचाही.

मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बीएएमएस झाल्यावर सहा महिन्यांचा कोर्स केला आणि इकडे आले. वर्ष काढायचं आणि बदली मागायची असं ठरवून आले होते, आता चौथं वर्ष चालू आहे. उपकेंद्रात मी, एक नर्सताई, एक आरोग्यसेवक आणि पाच गावांच्या आशाताई.

मागच्या आठवड्यात एका कंपनीची माणसं सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या पैशातून, सोलर द्यायचं म्हणून येऊन गेली. छताचे, माझे, नर्सताईंचे, अंगणातल्या बकरीचे फोटो काढले. म्हणाले, "तीन किलोवॅट देऊ. आठ दिवसांत रिक्वायरमेंट लेटर द्या." रुग्णाला काय लागतं ते मी लिहू शकते. छताला काय लागतं ते कुठून लिहू?

छतावर आधीच एक सोलर आहे, बरं का. माझ्या आधीच्या काळात कोणीतरी बसवलेलं. चार पॅनल, खाली खोलीत दोन बॅटऱ्या. मी आले तेव्हापासून कंट्रोलरवर लाल दिवा लुकलुकतोय. तक्रार कुठे करायची त्याचा स्टिकर आहे, पण त्यावरचा नंबर पुसून गेलाय. एका पॅनलची काच वानरांनी फोडली, एकावर नर्सताई मिरच्या वाळवतात. मिरच्या मात्र झकास वाळतात. म्हणूनच आता दुसरं सोलर येतंय म्हटल्यावर मला आनंद कमी आणि धास्ती जास्त वाटतेय.

लाइटची गत सांगते. लाइन जंगलातून येते. पावसाळ्यात सागाचं एखादं झाड आडवं झालं की दोन दिवस, कधी चार दिवस अंधार. उन्हाळ्यात लाइट असते, पण व्होल्टेज इतकं कमी की पंखा फिरतोय की विचार करतोय ते कळत नाही. मागच्या ऑगस्टमध्ये रात्री एक बाई कळा घेऊन आली. रस्ता बंद, पुढे पाठवायची सोय नाही. आशाताईंनी मोबाइलचा टॉर्च दातांत धरला, कारण त्यांचे दोन्ही हात बाईच्या पाठीवर होते. बाळ आलं, पण रडेना. बॅग आणि मास्कने श्वास दिला, तेव्हा रडलं. बाळाला ऊब देणारा वॉर्मर भिंतीला लागून उभा, थंडगार. बाळाला आईच्या छातीवर पालथं घातलं, वरून नर्सताईंची शाल. मायलेक सुखरूप आहेत, पण वॉर्मरकडे बघितलं की मला अजून ती शाल आठवते.

दुसरं दुखणं ई-संजीवनीचं. माहीत नसलेल्यांसाठी: रुग्ण माझ्यासमोर बसतो, मी टॅबवरून डॉक्टरांना जोडते, ते औषध लिहून देतात, मी माझ्याकडच्या साठ्यातून देते. रुग्णाला एक पैसा लागत नाही. कल्पना उत्तम आहे. मी फोन खिडकीच्या गजाला रुमालाने बांधते, कारण त्याच गजाला नेटवर्क येतं, आणि त्याचा हॉटस्पॉट टॅबला देते. परवा एका आजीचं बीपी दाखवत होते. पलीकडचे डॉक्टर बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थिजले. आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पहले इसको गोली दे, बाई."

तर प्रश्न असे. तीन किलोवॅट पुरेल का? बॅटरी कुठली मागू? फ्रिज मागू का, म्हणजे लसी इथेच ठेवता येतील? आणि सोलर आलं की हे व्हिडिओचं दुखणं थांबेल का?

निवृत्त_वायरमन (१२ मार्च, रात्री)

ताई, मी तीस वर्षं खांबावर काढली, आता पोराच्या सोलरच्या धंद्यात लुडबुड करतो. तुमच्या छतावर मेलंय ते सोलर नाही, बॅटरी मेली आहे. पॅनल सहसा मरत नाही, पंचवीस वर्षं काढतं. मिरच्यांखालचं पॅनल पुसून दुपारी मीटर लावा, जिवंत निघेल.

आधी हिशोब. पत्र नंतर.

एलईडी दिवे आठ, नऊ वॅटचे, रात्रीचे सहा तास धरा: अर्धा युनिटच्या आत. पंखे तीन. साधा पंखा पंचाहत्तर वॅट खातो, कमी वीज खाणारा बीएलडीसी तीस. पत्रात बीएलडीसीच लिहा. बारा तास चालले तरी तिन्ही मिळून एक युनिट. टॅब, राउटर मिळून अर्धा. हवेतून ऑक्सिजन काढणारा कॉन्सन्ट्रेटर साधारण साडेतीनशे वॅट, चार तास चालवला तर दीड युनिट. वॉर्मर सहाशे वॅटचा धरा, दोन तास म्हणजे सव्वा युनिट. छोटा फ्रिज एक युनिट. सगळं मिळून साडेपाच-पावणेसहा.

तीन किलोवॅट पॅनल एप्रिलमध्ये दिवसाला बारा युनिट सहज देईल. पण तुमचं अडतं जुलैत, आणि झड लागली की तेच पॅनल तीन-चार युनिटवर येतं. कधी त्याहून कमी. म्हणून तीन किलोवॅट जास्त नाही, बरोबर आहे. उन्हाळ्याचा हिशोब दाखवून कोणी "दीडमध्ये भागवा" म्हणालं तर ऐकू नका.

बॅटरी. बारा व्होल्ट दीडशे एएचच्या चार ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या बॅटऱ्या, कागदावर सात युनिट. निम्म्याच्या खाली उतरवल्या की आयुष्य घटतं, म्हणून हातात साडेतीनच धरा. लिथियम फॉस्फेट मिळाली तर ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते, पाणी घालावं लागत नाही, पण महाग. आणि बिघडली तर गावात कोणी हात लावणार नाही. ट्यूब्युलरला दर महिन्याला बघणारा माणूस हवा. माणूस असेल तर ट्यूब्युलर, नसेल तर लिथियम.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेलं, घेऊ नका. स्वस्त पडतं म्हणून तेच गळ्यात मारतात. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःही बंद होतो. तो बिघाड नाही, तसाच बनवलेला असतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माझ्यासारख्याला खालून करंट बसेल. म्हणजे भर दुपारी छतावर लख्ख ऊन आणि खाली अंधार. असं एक आरोग्य केंद्र मी डोळ्यांनी बघितलंय. पत्रात लिहा: हायब्रीड (लाइन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारं) किंवा ऑफ-ग्रिड (लाइनला न जोडलेलं), बॅटरीसह.

दुसरं, डीबी, म्हणजे वायरी वाटून देणारा बोर्ड, वेगळा. प्रसूतीची खोली, तपासणी खोली, राउटर आणि फ्रिज एवढंच इन्व्हर्टरवर. क्वार्टरची वायर त्यात घुसली की संपलं. राग मानू नका, पण मिक्सर, इस्त्री आणि पाणी तापवायची कांडी यांनी जेवढ्या सरकारी बॅटऱ्या मारल्या तेवढ्या पावसानेही मारल्या नसतील. निर्जंतुकीकरणाचं भांडं विजेवरचं असेल तर ते दोन किलोवॅट घेतं. भर दुपारीच लावायचं, रात्री नाही.

अर्थिंग तीन वेगळे, आणि वीजरोधक. मेळघाटात खडक लागतो, कंत्राटदार हातभर खड्डा खणून मोकळा होतो. खड्डा खणताना स्वतः उभ्या राहा. वानरांसाठी पॅनलवर जाळी नको, सावली पडते. पॅनल छताच्या कडेपासून आत घ्या आणि छतावर आलेल्या फांद्या छाटा. काच पुसायची ती सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. आणि मागचा जंक्शन बॉक्स उघडताना आधी काठी वाजवा. गांधीलमाशांना ती जागा फार आवडते. मला अनुभव आहे, जास्त विचारू नका.

झेंडू_७७ (१३ मार्च)

आपण कर भरतो कशाला? आधी लाइन नीट करायला लावा. सोलर ही पळवाट आहे.

उदगीरची_मेळघाटात (१३ मार्च)

झेंडूदादा, खरं आहे. पण ऑगस्टची बाई लाइन नीट होईपर्यंत थांबत नाही.

वायरमनकाका, कांडी माझीच होती. काढून टाकली.

हबवरचा_डॉक्टर (१४ मार्च)

मॅडम, तुमच्या आजींनी गोळी द्यायला सांगितली तो डॉक्टर मी नसेन, पण असू शकलो असतो. मी ई-संजीवनीच्या दुसऱ्या टोकाला बसतो. तिकडून काय दिसतं ते सांगतो.

व्हिडिओचा हट्ट सोडा. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात व्हिडिओ, आवाज आणि मजकूर तिन्ही चालतं, आणि रुग्णाजवळ आरोग्य कर्मचारी असेल तर आमचं काम फारच सोपं होतं. डॉक्टरचे डोळे-कान तुम्हीच असता. मला तुमच्या आजींचा धूसर चेहरा नको आहे. मला हवंय: दोन वेळा मोजलेलं बीपी, नाडी, ऑक्सिजन, वजन, साखर, आधीची गोळी कुठली आणि ती खरंच खातात का. हे जोडण्याआधी टाइप करून ठेवलंत तर रेंज गेली तरी माझ्यासमोर ते राहतं आणि मी औषध लिहू शकतो. त्वचेचं दुखणं असेल तर अंगणात सावलीत नेऊन फोटो काढा. ट्यूबलाइटखाली गजकर्ण आणि चट्टा सारखेच दिसतात.

बीपी, साखर, थायरॉइड यांचा पाठपुरावा हे या सोयीचं खरं सोनं. महिन्याच्या गोळीसाठी मजुरी बुडवून तालुक्याला जाणं वाचतं. पोटात दुखतंय, श्वास लागलाय, गर्भवतीला झटके येतायत, अशा वेळी मला जोडण्यात वेळ घालवू नका, गाडी बोलवा. वाटेत फोन करा हवं तर.

आणि एक कटू गोष्ट. कधी कधी पलीकडून आवाज येतो, "सर, रुग्ण नाही, फक्त एंट्री करायची आहे." मला राग येतो, पण महिन्याचा आकडा तुमच्या डोक्यावर कसा बसतो तेही ठाऊक आहे. तुमच्या पोस्टमध्ये खरी आजी होती म्हणून एवढं लिहिलं.

फ्रिजबद्दल: लसींसाठी घरगुती फ्रिज चालत नाही. लस २ ते ८ अंशांत लागते, दार उघडझाप होणारा फ्रिज ते धरत नाही. लसी प्राथमिक केंद्राच्या आयएलआरमध्येच, म्हणजे लसींच्या खास फ्रिजमध्येच, राहू द्या, सत्राच्या दिवशी बर्फाच्या पॅकसह कॅरिअरमधून येतात तशा येऊ द्या. पण प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबवायचं ऑक्सिटोसिनही २ ते ८ अंशांतच ठेवायचं असतं, ते खिडकीत राहिलं की त्याचा जोर जातो. त्यासाठी छोटा फ्रिज जरूर मागा, आत थर्मामीटर, आणि त्यात कोणाचंही दूध-दही नको. सर्पदंशाची पावडर स्वरूपातली लस फ्रिजशिवाय राहते, तिची चिंता नको.

पत्राला बळ हवं असेल तर शेजारच्या छत्तीसगडचा दाखला द्या. तिथल्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेने, क्रेडाने, २०१२ ते २०१६ मध्ये ५७० प्राथमिक आरोग्य केंद्रांवर दोन-दोन किलोवॅटचे संच बसवले. पुढे अभ्यास झाला तेव्हा सोलर असलेल्या केंद्रांत ओपीडी निम्म्याहून अधिक जास्त आणि प्रसूती जवळपास दुप्पट दिसल्या. सगळं श्रेय दिव्यांना देता येणार नाही. पण रात्री उजेड दिसतो तिकडे माणूस वळतो, एवढं नक्की.

नर्मदाकाठची_सिस्टर (१६ मार्च)

मॅडम, मी नंदुरबारकडची एएनएम, म्हणजे तुमच्या नर्सताईंसारखी उपकेंद्राची नर्स. आमच्याकडे नर्मदेच्या फुगवट्यामुळे काही पाड्यांना बोटीनेच जावं लागतं, म्हणून तुमचं वाचून आपलंच वाटलं.

दोनच गोष्टी. बॅटरीच्या खोलीची किल्ली उपकेंद्रातच राहील असं लिहून घ्या. आमच्या आधीच्या ठिकाणी किल्ली तालुक्याला एका साहेबांकडे होती. साहेबांची बदली झाली, किल्ली गेली, कुलूप तोडलं तेव्हा आत बॅटऱ्याच नव्हत्या! कुलूप मात्र तोडेपर्यंत शाबूत होतं.

दुसरी, गावाला त्यात वाटा द्या. व्हरांड्यात मोबाइल चार्जिंगचा एक बोर्ड लावा, त्याला वेगळी एमसीबी, म्हणजे ढगाळलं की तेवढाच बंद करता येतो. आमच्याकडे पोरं चार्जिंगला येतात, तासभर बसतात, मी तेवढ्यात त्यांच्या बायकांच्या तारखा विचारून घेते. बोर्ड लावल्यापासून पॅनलवर एकही दगड पडला नाही.

निवृत्त_वायरमन (१६ मार्च)

सिस्टरबाई सोळा आणे. ताई, एक राहिलं होतं. तुमचा टॉवर कुठे आहे आणि लाइट गेल्यावर किती वेळ टिकतो? ते आधी बघा. तुमच्या छतावर कितीही सोलर असो, टॉवरची बॅटरी बसली की टॅब नुसती पाटी.

उदगीरची_मेळघाटात (२१ मार्च)

काका, घड्याळ लावून बघितलं. टॉवर पलीकडच्या गावच्या टेकडीवर. लाइट गेल्यावर पावणेतीन तासांनी रेंज गेली, तिन्ही वेळा. म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या टॅबला शिव्या देत होते. आता लाइट गेली की गोळीवाले रुग्ण आधी घेते आणि पहिल्या दोन तासांत सगळं उरकते. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे आधी सगळं टाइप करून ठेवते. परवा नऊ जण झाले, थिजलं कोणी नाही.

पत्र गेलं. हायब्रीड, चार ट्यूब्युलर, वेगळा डीबी, बीएलडीसी पंखे, छोटा फ्रिज, तीन अर्थिंग, छतावर खांब आणि त्यावर राउटरचा अँटेना, चार्जिंग बोर्ड, किल्ली आमच्याकडे. पाच वर्षांची देखभालही मागितली. गावात आयटीआय झालेला एक मुलगा आहे, इलेक्ट्रिशियन ट्रेड, होळीनंतर सगळ्यांसारखा बाहेर कामाला जातो. त्याला महिना थोडे पैसे देऊन बॅटऱ्या बघायला ठेवा असं लिहिलं.

उदगीरची_मेळघाटात (२९ जुलै)

कोणी वाचतंय का अजून?

मे महिन्यात बसलं. देखभाल पाचाऐवजी दोन वर्षं दिली. मुलाचे पैसे देता येत नाहीत म्हणाले, धोरणात बसत नाही. कंपनीच्या नावाचा फलक मात्र एका अख्ख्या पॅनलएवढा आहे, तो उपकेंद्राच्या पाटीच्या वर लावायचा होता. मी बाजूला लावायला लावला. मुलाचे पैसे सध्या मी, नर्सताई आणि आरोग्यसेवक मिळून देतो. अर्थिंगच्या खड्ड्याशी मी उभी राहिले. कंत्राटदार वैतागला, पण पुरा खणला.

आता चार दिवस झड आहे, लाइट परवापासून नाही. पहिल्या दिवशी चार्जिंग बोर्ड बंद केला, दुसऱ्या दिवशी पंखे. काल रात्री इन्व्हर्टर ओरडायला लागला, तेव्हा ऑक्सिटोसिन बर्फाच्या पॅकसह लसीच्या कॅरिअरमध्ये हलवून फ्रिज बंद केला. प्रसूतीच्या खोलीचा दिवा आणि वॉर्मर राखून ठेवलाय. एक बाई दिवसांत आहे, तिला पूर यायच्या आधीच इथे आणून ठेवलंय. ती दिव्याखाली बसून टिकल्या निवडते आणि नर्सताईंना हसते.

काका, तुम्हाला विचारायचं होतं. मुलाने आज दुपारी बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजायचा हायड्रोमीटर लावला. तीन बॅटऱ्यांचे सगळे सेल ११९० च्या आसपास आहेत. चौथीतला एकच सेल ११४० दाखवतोय. पोरगं घाबरलंय, कंपनीला फोन करू का विचारतंय.

निवृत्त_वायरमन (२९ जुलै)

वाचतोय. सेलमध्ये पाणी कधी घातलं?

उदगीरची_मेळघाटात (२९ जुलै)

त्याला विचारलं. आजच, मोजायच्या आधी दहा मिनिटं. त्याच सेलला पातळी कमी होती म्हणे.

निवृत्त_वायरमन (२९ जुलै)

मग वरचं पाणीच मोजलंय त्याने. अजून मिसळलं नाही. ऊन पडून चांगलं चार्ज होऊ दे, मग परत मोजायला सांगा. आधी मोजायचं, मग पाणी घालायचं, एवढं त्याच्या वहीत लिहा. बाकीचे ११९० म्हणजे बॅटऱ्या निम्म्यावर आल्यात, रात्री दिव्याशिवाय काही लावू नका. आणि बाई सुटली की कळवा.